एकशे चौसष्ट ग्रॅम

त्याला सगळे ग्रॅम म्हणत. दुकानोदुकानी फिरून वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे आणि बरोबर असलेल्यांवर शिक्का मारायचा, ही त्याची नोकरी. पण नाव नोकरीमुळे पडलं नव्हतं. कचेरीतले बाकीचे पाच जणही काटेच तपासत, त्यांना कुणी ग्रॅम म्हणत नव्हतं. नाव पडलं ते त्याच्या वेडामुळे.

वर्षातून दोनदा तो डोंगरात चालायला जायचा आणि पाठीवर जे घ्यायचं त्यातल्या प्रत्येक वस्तूचं वजन त्याला तोंडपाठ असायचं. दात घासायच्या ब्रशची दांडी त्याने करवतीने अर्धी कापली होती. नकाशाच्या पुस्तकातून लागतील तेवढीच पानं तो फाडून नेई. त्याच्या दोन खोल्यांपैकी एका खोलीची अख्खी भिंत म्हणजे फळ्याच फळ्या: सॅक, टॉर्च, बाटल्या, पॉवर बँक, पावसाळी जॅकेटं, आणि प्रत्येकावर दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर वजन. हे फक्त प्रवासापुरतं नव्हतं. रोजच्या खिशातला चाकू, किल्ल्यांचं कडं, कचेरीत न्यायची बॅग, सगळंच त्याने असं पारखून घेतलेलं. एक छत्री निवडायला त्याला चार महिने लागले होते आणि तेवढ्यात तो तीनदा भिजला होता, यावरून लोक त्याची भरपूर टिंगल करत.

टिंगल करत, पण काही घ्यायचं झालं की त्याच्याकडेच येत. मग तो उलट प्रश्न विचारत बसे. दिवसाला किती तास चालणार? खांदा दुखतो का? हात लहान आहेत की मोठे? फोन किती वेळा चार्ज करता? स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तो कुठल्याच वस्तूबद्दल चांगलं-वाईट बोलत नसे. या बाबतीत आपण कधी कुणाला फसवलेलं नाही, याचा त्याला अभिमान होता.

आई गेली तेव्हा ग्रॅम अकरा वर्षांचा होता. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या ताईने त्याला वाढवलं. पुढे ताईचं लग्न झालं आणि ती औषधांच्या दुकानामागच्या घरात राहायला गेली, तेव्हा तिच्यासोबत तोही गेला. भावोजी फार्मासिस्ट. त्यांनी या पोरक्या मेहुण्याला कधी परकं मानलं नाही. दुकानात पावडरी जोखायचा एक पितळी तराजू होता, काचेच्या पेटीतला. त्यावर एक केस ठेवला तरी पारडं हलतं, हे भावोजींनी त्याला दाखवलं होतं. ग्रॅमचं पुढचं सगळं आयुष्य त्या पारड्यातून निघालं म्हटलं तरी चालेल.

भावोजींचा स्वभाव मात्र अगदी उलटा. बाजारात जायचं तरी दोन पिशव्या जास्त. 'असू दे, लागलं तर?' हे त्यांचं पालुपद. त्यांना एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे स्मरणशक्तीचा. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली गोळी चालत नाही, कुणाच्या मुलीला पेनिसिलिनने पुरळ उठतं, हे त्यांना कागद न बघता आठवायचं. त्या गर्वाखाली एक भीती दबलेली होती. त्यांचे वडीलही याच दुकानात बसत. साठी ओलांडली आणि ते हळूहळू सगळं विसरत गेले. शेवटच्या वर्षी ते आपल्या मुलाला 'तुमचं दुकान कधी उघडतं?' असं विचारायचे. ग्रॅमने ते सगळं त्या घरात राहून पाहिलं होतं.

भावोजी साठ वर्षांचे झाले तेव्हा ताईने भावाला फोन केला. यांना एकदा तुझ्यासोबत डोंगरात ने म्हणाली, तीस वर्षं काउंटरच्या मागे उभे आहेत. ग्रॅमला केवढा आनंद झाला. त्याने पाच दिवसांची सोपी वाट निवडली, वाटेत मुक्कामाला झोपड्या असलेली. पहिल्यांदाच कुणाला तरी डोक्यापासून पायापर्यंत तयार करायची संधी त्याला मिळत होती, आणि तेही भावोजींना.

सामान घ्यायला दोघं मिळून गिर्यारोहणाच्या दुकानात गेले. भावोजी आत शिरल्या शिरल्या अठरा कप्प्यांच्या एका अवाढव्य सॅकच्या प्रेमात पडले. प्रत्येक कप्प्याची चेन उघडून बघत होते. ग्रॅमने त्यांना शांतपणे समजावलं की कप्पे जितके, तितकं तुम्ही भराल, आणि जितकं भराल, तितकं वाहाल. शेवटी ते मानले. बूट निवडायला दीड तास गेला. ग्रॅमने त्यांना उतरत्या फळीवर चालायला लावलं, पुढे बोटं आपटतात का विचारलं, मोजे बदलून पुन्हा चालायला लावलं. दुकानातली बाई वैतागली, पण भावोजी खूश होते. एवढं लक्ष देऊन माझ्या पायाकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, असं त्यांनी घरी गेल्यावर ताईला सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी भावोजी सॅक भरून ग्रॅमच्या घरी आले. अकराची बस होती. ग्रॅमने आधीच जाहीर केलं होतं: पाणी आणि खाणं सोडून आठ किलोच्या आत. काट्यावर सॅक ठेवली तर नऊ किलो सातशे भरली. मग घासाघीस सुरू झाली. दुसरा साबण बाहेर आला. रेडिओ बाहेर आला. जाडजूड टॉवेल जाऊन त्या जागी ग्रॅमचा पातळ टॉवेल आला. औषधांची पेटी भावोजींनी छातीशी धरली, तेव्हा ग्रॅमने तिच्यातली निम्मी बँडेजची बंडलं काढली आणि बाकीची राहू दिली. दोघंही हसत होते. शेवटी काटा आठ किलो एकशे दहावर आला आणि तिथेच अडला.

भावोजी वाटेत खायला सफरचंदं आणायला खाली गेले. ग्रॅम एकटाच काट्याकडे बघत उभा राहिला. एकशे दहा ग्रॅम. एवढ्याने काही बिघडत नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्याला तो आकडा खुपत होता. त्याने सॅकच्या झाकणाचा आतला कप्पा उघडला. निळ्या रुमालात गुंडाळलेली स्टीलची डबी होती. आत चष्मा. भावोजींच्या नाकावर असतो तसाच, जाड भिंगांचा. डबीसकट एकशे चौसष्ट ग्रॅम.

त्याने डबी फळीवर ठेवली. काट्याकडे पाहिलं. सात किलो नऊशे सेहेचाळीस.

एक चष्मा तर नाकावर आहेच, असा त्याने विचार केला. ग्रॅमची स्वतःची नजर अजून उत्तम होती, चष्मा नसणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. बसमध्ये बसल्यावर सांगू, चिडवू जरा, असंही त्याने मनाशी ठरवलं. तेवढ्यात भावोजी वर आले, आकडा बघून चकित झाले आणि काय काढलंस म्हणून विचारू लागले.

"सॅकच्या पट्ट्यांची लोंबणारी टोकं कापली," ग्रॅम म्हणाला.

पट्ट्यांच्या टोकांनी दीडशे ग्रॅम कमी होत नाहीत. पण भावोजींना ते काय कळणार? त्यांनी त्याची पाठ थोपटली. बसमध्ये शेजारच्या प्रवाशालासुद्धा त्यांनी कौतुकाने सांगितलं की माझा मेहुणा या विषयातला तज्ज्ञ आहे, सगळी सॅक आठ किलोच्या आत बसवली बघा. त्यानंतर डबीचं सांगायचं ग्रॅमच्या जिवावर आलं. मग ते राहूनच गेलं.

पहिले दोन दिवस फार सुंदर गेले. भावोजी सावकाश चालत, पण थकत नसत. वाटेतला झाडपाला, मुळं ओळखून त्यांचे औषधी उपयोग सांगत. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ओढा ओलांडायचा होता. पाणी गुडघ्याच्याही खाली. ग्रॅम पुढे गेला आणि पलीकडून हात द्यायला वळला. भावोजी वाकून एका दगडावर पाय ठेवत होते, तेवढ्यात वरून लोंबणारी फांदी त्यांच्या कानाला अडकली. चष्मा उडाला, खडकावर आपटला आणि पाण्यात पडला. ग्रॅमने उडी मारून तो उचलला. एक भिंग फुटलं होतं, दुसरं सापडलंच नाही.

भावोजी अजिबात घाबरले नाहीत. हात धरून काठावर आले, सॅक उतरवून बसले. "असू दे. दुसरा आणलाय," असं म्हणत त्यांनी झाकणाच्या कप्प्यात हात घातला.

आत काही नव्हतं. त्यांनी बाहेरचा कप्पा चाचपला. मग सगळी सॅकच गवतावर रिकामी केली आणि एकेक वस्तू नाकाजवळ नेऊन पाहू लागले. ग्रॅम पाहत होता. आत्ता सांगावं, हे त्याला कळत होतं. पण अनोळखी डोंगरात, गुडघ्यांवर बसून, मोजे आणि पिशव्या चाचपणाऱ्या या माणसाला 'मीच काढला, आकडा चांगला दिसावा म्हणून' हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

"मी ठेवला होता. निळ्या रुमालात," भावोजी म्हणाले. मग त्याच्या दिशेने पाहत, पण त्याच्याकडे नाही, त्याच्या थोडंसं बाजूला पाहत, त्यांनी विचारलं, "ठेवला होता ना मी?"

"राहिला असेल घरी," ग्रॅम म्हणाला.

पुढच्या झोपडीपर्यंत साडेतीन तासांची वाट होती, ती त्यांनी सात तासांत कापली. भावोजींनी त्याच्या सॅकचा पट्टा मागून धरला होता. ग्रॅम 'पायरी', 'मूळ', 'मोकळा दगड' असं सांगत पुढे चालत होता. दोनदा ते पडले. हाताचे तळवे सोलले, गुडघा सुजला. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. उलट, माझ्या वेंधळेपणाने तुझी सहल बिघडली म्हणून तेच माफी मागत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडीने दोघं परतले.

खाली गेल्यावर सांगू, असं ग्रॅमने वाटेत ठरवलं होतं. पण घरी ताई दारातच उभी होती. ती म्हणाली, डबी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती सॅकमध्ये जाताना. भावोजी हळूच म्हणाले की म्हणजे मी ती पुन्हा बाहेर काढली असणार. कधी काढली, का काढली, काही आठवत नाही. त्यांनी घरातली सगळी कपाटं उपसली. ताईनेही उपसली. डबी सापडणार कशी? ती ग्रॅमच्या फळीवर होती.

पुढच्या रविवारी ग्रॅम डबी खिशात घालून त्यांच्याकडे गेला. सांगायचंच, असं पक्कं करून गेला होता. ताईने चहा टाकला. भावोजी अंघोळीला गेले होते. खोलीत तो एकटाच होता, समोर ताईचं शिवणयंत्र. त्याच्या मनात आलं की डबी घरातच कुठेतरी सापडली, तर हा विषय मिटेल. विसरतो माणूस, त्यात काय, असं म्हणून सगळे हसतील. विचार पुरता व्हायच्या आत त्याने यंत्राचा खण ओढला, डबी बॉबिनांच्या मागे सरकवली आणि खण बंद केला. मग चहा प्यायला. चहाला चव नव्हती.

दोन दिवसांनी ताईला डबी सापडली. पण कुणी हसलं नाही.

भावोजींनी आजवर त्या यंत्राला हातही लावला नव्हता. आपण सॅकमधून डबी काढून, दुसऱ्या खोलीत जाऊन, बॉबिनांच्या मागे ठेवली आणि यातलं काहीच आपल्याला आठवत नाही, याचा अर्थ त्यांनी एकच लावला. त्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. वडिलांच्या चपला पिठाच्या डब्यात सापडायच्या.

तिथून पुढे भावोजी बदलले. त्यांनी एक वही केली आणि प्रत्येक गोष्ट तिच्यात लिहायला लागले. कुलूप लावलं. दिवा बंद केला. किल्ली डाव्या खिशात. दुकानात ते डॉक्टरांची एकेक चिठ्ठी तीनदा वाचत, मग मदतीला असलेल्या बाईंना वाचायला देत. एका जुन्या गिऱ्हाईक बाईला त्यांनी अर्धा तास उभं ठेवलं, कारण तिला कुठलं औषध चालत नाही ते त्यांना आठवत होतं, पण आपल्या आठवण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. ती चिडून दुसरीकडे गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं ताईने फोनवर सांगितलं. ती रडत नव्हती, पण मधे मधे थांबत होती. ग्रॅमने फोन ठेवला.

ते मेंदूच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द पाठ म्हणवून घेतले. सगळं उत्तम आलं. ग्रॅमला वाटलं, सुटलो. तो धावतच त्यांच्याकडे गेला आणि आता तरी निश्चिंत व्हा म्हणाला. भावोजींनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, सध्या ठीक आहे, असं त्यांनी सांगितलं. 'सध्या' या शब्दाखाली त्यांनी वहीत रेघ मारली होती.

या काळात ग्रॅम कामाला जात होता, काटे तपासत होता, शिक्के मारत होता. एका किराणा दुकानदाराचा काटा चाळीस ग्रॅमने खोटा निघाला. ग्रॅम त्याच्यावर इतका भडकला की सोबतचे सहकारी बघतच राहिले. दुकानदार हात जोडून चूक झाली म्हणत होता. ग्रॅम एकदम बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला. त्या महिन्यात कचेरीतल्या एकीने प्रवासाच्या बॅगेबद्दल त्याचा सल्ला मागितला, तर मला त्यातलं काही कळत नाही म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

चार महिने असे गेले. मग एका शनिवारी दुपारी भावोजी स्वतः त्याच्या घरी आले. डोंगराच्या सहलीनंतर ते पहिल्यांदाच आले होते. फळ्यांसमोरच्या खुर्चीवर बसले. वर्षाअखेर मी काउंटर सोडतोय, असं त्यांनी सांगितलं. दुकान मदतनीस बाई सांभाळतील, त्यांचं शिक्षण झालेलं आहे. कुणाच्या हातात चुकीची गोळी जायच्या आत आपण बाजूला झालेलं बरं. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होते.

"पण मी आलोय वेगळ्या कामाला," ते म्हणाले. "हल्ली काय काय निघालंय म्हणतात. किल्लीला लावायचा बिल्ला असतो, फोनवरून किल्ली कुठे आहे ते कळतं. वेळेवर आठवण करून देणारं घड्याळ असतं. तुझ्या ताईला फार त्रास व्हायला नको. पुढे मी कुठे भरकटलो तर तिला मला शोधता यावं. तू निवड. यात तुझ्याइतका भरवसा माझा कुणावर नाही."

ग्रॅमने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता?

आणि तो खरंच कामाला लागला. तीन प्रकारचे बिल्ले आणले, दोन घड्याळं आणली. सवयीप्रमाणे सगळं आठवडाभर स्वतः वापरून पाहिलं. बिल्ला किल्लीला लावून किल्ली कपाटात लपवायची आणि शोधायची. घड्याळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो का बघायचं. बॅटरी किती दिवस पुरते ते लिहायचं. एक घड्याळ चांगलं होतं, पण त्याचा पट्टा एका हाताने लावता येत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला ते कठीण, असा विचार करत त्याने दुसरं निवडलं. मग नेहमीसारखी त्याने वही उघडली, डाव्या बाजूला गरज आणि उजव्या बाजूला वस्तू असे दोन रकाने आखले. डाव्या रकान्यात त्याने लिहिलं: वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही.

लिहिलेलं वाक्य त्याने वाचलं. आपल्या अक्षरात. मग वही मिटून तो उठला, चपला घातल्या आणि चालत दुकानाकडे निघाला. बसने जायचं त्याला सुचलंच नाही.

दुपारची वेळ होती. दुकान जेवणासाठी बंद होतं, पण भावोजी आत बसून वही लिहीत होते. ग्रॅम मागच्या दाराने आत गेला आणि काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे उभा राहिला.

"डबी मी काढली होती," तो म्हणाला. "निघायच्या सकाळी. तुम्ही सफरचंदं आणायला गेला होतात तेव्हा."

भावोजींनी पेन खाली ठेवलं. "परत सांग. सावकाश."

त्याने सांगितलं. एकशे दहा ग्रॅमचं सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं, ओढ्याकाठचं सांगितलं. भावोजी डॉक्टरांची चिठ्ठी पडताळतात तसं मधे मधे विचारत होते.

"आणि शिवणयंत्रात?"

"तीही मीच ठेवली. त्या रविवारी. तुम्ही अंघोळीला गेला होतात."

"म्हणजे मी ती सॅकमध्ये ठेवली होती."

"हो."

"आणि मग मी तिला हात लावला नाही."

"नाही लावला."

भावोजी स्टुलावर टेकले. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी ग्रॅमला वाटलं, हसतायत. मग त्यांनी चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून धरले. मी ठीक आहे, मी ठीक आहे, असं ते दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाले. ग्रॅमला पुढे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण मधे काउंटर होतं, आणि त्याला वळसा घालून जायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं.

मग त्यांनी चष्मा लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. "माझे वडील कसे गेले, ते तू पाहिलं होतंस."

"हो."

"तरीसुद्धा चार महिने."

ग्रॅमला भीती वाटत होती, हे खरं होतं. पण भीती तर भावोजींनाही वाटत होती, आणि त्यांची भीती कितीतरी मोठी होती. मग भावोजी म्हणाले, "जा आता. दुकान उघडायची वेळ झाली."

दुसऱ्या दिवशी ताई त्याच्या घरी आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. ती ओरडेल, निदान एक थोबाडीत देईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. दिली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"लहानपणी तू खोटं बोललास की मला लगेच कळायचं," ती म्हणाली. "या वेळी का कळलं नाही, याचाच विचार करतेय मी." आणि जिना उतरून निघून गेली.

भावोजींनी दहा दिवसांनी त्याला बोलावलं. ते काउंटरवर उभे होते. काउंटर सोडायचा बेत त्यांनी रद्द केला होता. ते म्हणाले की मी रागावलोय, आणि हा राग कधी जाईल ते मला सांगता येत नाही, पण तू येत राहा. तो येत राहिला. त्याने पाहिलं की भावोजी अजूनही चिठ्ठी तीनदा वाचतात. वहीत लिहायचंही त्यांनी पुरतं सोडलं नव्हतं. एकदा त्याने धीर करून विचारलं, आता कशाला? त्यावर ते म्हणाले की कारण गेलं, सवय राहिली. ते ऐकून ग्रॅमला कळलं की सांगून टाकल्याने सगळं जिथल्या तिथे परत जात नाही. मदतनीस बाईंना दुकान सांभाळायला मिळणार होतं, तेही राहिलं. त्याबद्दल त्याने त्यांचीही माफी मागितली. त्यांना आधी काही उमगेना. उमगल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की तुमच्या भावोजींचे ते दिवस मी इथे उभी राहून रोज पाहिलेत.

ताई सात आठवडे बोलली नाही. मग एका सकाळी तिचा फोन आला.

"माझी अक्कलदाढ काढायचीय. यांना दुकान सोडता येत नाही. सोबत माणूस लागतो, म्हणून तुला बोलावतेय. बाकी काही समजू नकोस."

तो अर्धा तास आधीच दवाखान्यात जाऊन बसला. ताई आली, त्याच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसली. खिडकीमागच्या मुलीने फॉर्म भरता भरता विचारलं, सोबत कोण आहे? ताई जरा थांबली. भाऊ, असं म्हणाली. मुलीने लिहून घेतलं. ग्रॅम समोरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत राहिला.

दाढ तिरकी होती, पाऊण तास लागला. बाहेर आली तेव्हा ताईचा गाल टम्म सुजला होता आणि तोंडात कापूस. टॅक्सीत ती डोळे मिटून बसली. घरी पोचल्यावर त्याने तिला पडायला सांगितलं, उशीवर टॉवेल अंथरला, बर्फ रुमालात बांधून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन भाज्यांचं पातळ सूप करायला घेतलं. डॉक्टरांनी कोमट आणि पातळच द्या म्हटलं होतं. ती पलीकडच्या खोलीत पडून ऐकतेय, हे त्याला प्रत्येक भांड्याच्या आवाजागणिक जाणवत होतं.

दुपारी भावोजी दुकानातून जेवायला आले. तिघं ताईच्या पलंगाशी बसले. ताईने एक चमचा तोंडात घेतला, तिचा चेहरा वाकडा झाला. बोलता येत नव्हतं, म्हणून तिने नुसतीच वाटीकडे मान केली. भावोजींनी आपल्या वाटीतलं चाखून पाहिलं.

"मीठ दोनदा पडलंय," ते म्हणाले.

"मीच घातलं दोनदा," ग्रॅम पटकन म्हणाला.

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं, ताईनेही पाहिलं. कुणी हसलं नाही. मग भावोजी उठले, गरम पाण्याचं भांडं घेऊन आले आणि तिन्ही वाट्यांत थोडं थोडं पाणी ओतलं.